पहिला कप कुणाचा

सूनबाईला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. फेब्रुवारीत दोन मुली झाल्या, एक रडकी आणि दुसरी तिच्याहून रडकी, आणि घरातली माणसं पाळीपाळीने झोपू लागली. त्या वर्षी आमच्याकडे जे घडलं त्याचा विषय निघाला की लोक अजूनही मान हलवून म्हणतात, "डोंगरानं दगा दिला." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. डोंगरानं कुणालाही दगा दिला नाही. त्या दिवसांत डोंगर दरवर्षी जे करतो तेच त्यानं केलं. जे ठरलं ते माझ्या स्वयंपाकघरात ठरलं, रविवारी दुपारी, चहा पिता पिता, चार धडधाकट माणसांच्या देखत. त्यातली एक मी होते.

आमचे हे वाटाडे. त्यांचे वडीलही वाटाडेच होते. गावाच्या वर डोंगरात दगडी भिंतींचे तीन निवारे आहेत. फिरायला येणारे लोक रात्री तिथे मुक्काम करतात. हिवाळाभर निवारे बंद असतात. बर्फ उतरायला लागलं की सगळ्यांच्या आधी वर जायचं, दारापुढचं बर्फ उपसायचं, छपरं आणि धुराडी बघायची, चुली पेटवून आतली ओल घालवायची आणि मग वाट मोकळी झाली म्हणून खाली सांगायचं, हे काम निवाऱ्यांचा कारभार बघणाऱ्या मंडळानं आमच्या घराकडे दिलेलं. चार दिवसांची चाल. बरोबर यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भावजी. ते गवंडी, धुराड्यांची डागडुजी त्यांच्याकडे. मुलगा ओझ्याला. आणि मी चुलींना. थंडीत गारठलेली लोखंडी चूल धूर न करता पेटवणं हे आमच्यात फक्त मलाच जमायचं, आणि ते कुणी कबूल करत नसलं तरी दरवर्षी मला नेत होते, यातच काय ते आलं.

भावजींनी लग्न केलं नव्हतं. आमच्याच घरात खालच्या खोलीत राहायचे. सदानकदा शिट्टी. काम करताना शिट्टी, जेवायला हाक मारली तरी उत्तरादाखल शिट्टी. गावात त्यांना सगळे शिट्टीच म्हणायचे.

पहिले दोन दिवस सोपे, चाल थोडी आणि निवाऱ्यांचं काम जास्त. झाडीतून पहिला निवारा, झाडी संपते तिथे दुसरा. तिसरा दिवस मात्र लांब उताराचा. दुसऱ्या निवाऱ्यापासून खिंडीपर्यंत एक सलग उतार आहे, तो आपल्याला चढून जायचा असतो. त्याचं तोंड पूर्वेला. रात्री तिथलं बर्फ गोठून फरशीसारखं टणक होतं. सकाळी ऊन पडलं की ते आधी वरून भिजतं, मग खोलवर भिजतं, आणि दहा-साडेदहानंतर तो उतार कधीही सुटू शकतो. सुटतो म्हणजे अख्खा खाली येतो. म्हणून अंधारात निघायचं आणि दहाच्या आत खिंडीत पोचायचं. यात गूढ असं काही नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे.

प्रश्न एवढाच असतो, की अंधारात म्हणजे किती वाजता. त्यासाठी सासऱ्यांनी एक रीत घालून दिली होती. निघायच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं. टेबलावर दोर लांबवर पसरायचा. ज्याने त्याने लांब उताराला आपल्याला किती वेळ लागतो ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि आपला कप दोराशेजारी ठेवायचा. ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो त्याचा कप पहिला. तो चालतानाही सगळ्यांच्या पुढे. मागचे त्याच्या चालीने चालतात, म्हणजे कुणी मागे पडत नाही. आणि निघायची वेळ ठरते ती त्या पहिल्या कपाच्या हिशेबाने. दुसऱ्याच्या कपाला हात लावायचा नाही. सासरे म्हणायचे, "माणसाचे पाय त्यालाच ठाऊक." चांगली रीत होती. मी तिला नावं ठेवत नाही. पण ती खरं बोलणाऱ्या माणसांसाठी होती.

लग्न होऊन आल्यापासून पहिला कप माझा. मला सहा तास लागायचे आणि मी सहा म्हणूनच सांगायचे, त्यात लाज कसली? मी पुढे, बाकीचे मागे. भावजी मागून ओरडायचे, "वहिनी, जरा दमानं, आम्हाला झोप येतेय!" मी म्हणायचे, "झोपा, वर पोचले की हाक मारते."

आता त्या वर्षी मी जाणार नव्हते. सूनबाईला दिवसा डोळा लागत नव्हता, रात्री तर नाहीच. तिची आई आजारी, येऊ शकत नव्हती. दोन तान्ह्या मुली तिच्या एकटीच्या अंगावर टाकून मी चुली पेटवायला डोंगरात जाणं शक्यच नव्हतं. मुलगा म्हणाला, "आई, मी राहतो." पण बर्फ उपसायला त्याच्या वयाचं माणूस हवंच होतं. तेव्हा मी राहायचं ठरलं.

आणि मी राहायचं ठरलं त्या दिवसापासून मला यांच्या पायांची काळजी लागली. का ते सांगते.

मागची तीन-चार वर्षं चालताना माझ्या मागे हेच असायचे. आणि दर थोड्या वेळानं मागून आवाज यायचा, "थांबा रे जरा. हिला दम लागलाय." मला दम लागलेला नसायचा. मी माझ्या चालीनं चाललेली, बैलासारखी, मला दम कशाला लागेल? पहिल्यांदा मी वळून म्हटलं, "अहो, मी बरी आहे." तर हे दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभे, तोंड उघडं, ओठ निळसर. मी गप्प बसले. पुढच्या वेळी "हिला दम लागलाय" ऐकलं की आपली थांबायचे. सहाचे साडेसहा झाले, पुढच्या वर्षी पावणेसात झाले, आणि घरी येऊन हे लोकांना सांगत, "आता हिला जमत नाही पूर्वीसारखं." मी ऐकून घेतलं. नवऱ्याची अब्रू झाकायची म्हणून मी म्हातारी झाले, असं समजा.

घरातही तेच. आमचा जिना लाकडी आणि उभा. सरपणाची टोपली घेऊन हे वर यायला लागले की मधल्या पायरीवर थांबायचे आणि कठड्याचे स्क्रू तपासायचे. बोटानं हलवून बघायचे, वाकून बघायचे, फुंकर मारायचे. आमच्या कठड्याइतका तपासलेला कठडा राजवाड्यातसुद्धा नसेल. सूनबाई एकदा मला म्हणाली, "आई, बाबांना कुणाला तरी दाखवा ना." मी विषय काढला तर म्हणाले, "स्क्रू ढिला झाला होता. उद्या कुणी पडलं म्हणजे?"

मी भावजींना गाठलं. ते शेजारच्या बेकरीच्या भट्टीचं धुराडं लिंपत होते, कोपरापर्यंत गाऱ्यात.

"भावजी, यंदा मी नाही. तुमच्या दादांचा कप पहिला लागला पाहिजे."

शिट्टी थांबली. "वहिनी, मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मला सांगताय?"

"तुम्ही बघितलंय ना? ओठ बघितलेत ना त्यांचे?"

"बघितलेत."

"मग?"

त्यांनी थापी गाऱ्यात खुपसली. "वहिनी, दादासमोर मी अजून चड्डीतला आहे. मी पन्नाशीचा झालो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मी त्याला म्हणू, की दादा, तू हळू झालास? तो मला त्या धुराड्यात घालून वरून झाकण लावील."

"लावू दे. निदान वर जाणं तरी टळेल."

ते हसले. त्यांचं हसणं असं, की समोरच्याचा राग निम्मा व्हावा. माझा झाला नाही. मी म्हटलं, "हसू नका. मी थट्टा करत नाहीये."

"माझ्यावर सोडा," ते म्हणाले. "मी काहीतरी करतो."

मुलाशी बोलले. तो गिरणीतून लाकडाचा भुसा अंगावर घेऊन आलेला, मांडीवर एक मुलगी. म्हणाला, "आई, सगळ्यांना दिसतं. पण बाबांना सांगणार कोण?"

"तू."

"मी? मी सांगितलं तर ते मलाच घरी ठेवतील आणि एकटे जातील."

हे खोटं नव्हतं. पण ऐकताना मला वाटलं, आमच्या घरात सगळ्यांचे डोळे शाबूत आहेत, फक्त जिभा भाड्याने दिल्या आहेत.

रविवार उजाडला. आठवडाभर हवा उबदार होती, पागोळ्या दिवसभर गळत होत्या. असल्या हवेत खरं म्हणजे आणखी लवकर निघायचं असतं. टेबलावर दोर पसरला. एका टोकाला फावडं, बुटांना बांधायचे लोखंडी काटे, रॉकेलचा डबा, पावाच्या लाद्या, साखर, चहा. हे खुर्चीत ताठ बसले होते. हा माणूस त्या दिवशी असा काही दिसत होता, की कुणालाही वाटावं, आत्ता उठून धावत खिंडीत जाईल.

मी चहा ओतला. रीतीप्रमाणे यांच्यापासून सुरुवात.

"साडेचार तास," हे म्हणाले आणि कप दोराच्या मध्यावर ठेवला.

साडेचार! वीस वर्षांपूर्वी लागत होते साडेचार. मी किटली तशीच हातात धरून उभी राहिले.

मुलानं बापाकडे बघितलं, मग कपाकडे. "चार," असं पुटपुटला आणि कप मागे ठेवला. त्याचं खरं होतं.

मग भावजी. त्यांनी कप उचलला, दोराच्या अगदी टोकाशी नेऊन पहिल्या जागी ठेवला आणि म्हणाले, "मला पाच लागतील. गुडघा धरतोय हल्ली. आता वहिनी नाहीत, तेव्हा म्हातारपणाचा मान माझ्याकडे."

हे खूश झाले. "अरे, शिडीवर चढून चढून वाट लागणारच तुझ्या गुडघ्याची. चालेल. पाच धरू. पाचला निघू, दहाला वर."

तर भावजींचं "काहीतरी" ते हे होतं. भावाला हळू म्हणायचं नाही, म्हणून स्वतःच हळू व्हायचं, पुढे राहायचं आणि पाय ओढत चालायचं, म्हणजे मागच्याला धाप लागणार नाही आणि त्याची शानही जाणार नाही. किती मायेनं केलेली गोष्ट! आणि किती मूर्खपणाची! कारण पाय कितीही ओढले तरी वेळ पाच तासांचाच धरलेला. यांना सात तासांच्या आत ते जमणार नव्हतं.

मी किटली खाली ठेवली. "तीनला निघा."

"का?" हे म्हणाले.

"हवा उबदार आहे."

"हवेचं मी बघतो."

"तीनला निघालात तर काय बिघडतं? झोप कमी होईल, एवढंच ना?"

"अगं, तीनला बायकापोरं घेऊन निघतात. तीन धट्टीकट्टी माणसं तीनला निघाली असं कुणी ऐकलं तर हसतील."

"कोण ऐकणार आहे? दुसऱ्या निवाऱ्यात या दिवसांत उंदीरसुद्धा नसतो!"

भावजी खाली बघून हसू दाबत होते. हसू दाबत होते! मला तेच सहन झालं नाही. मी हात पुढे केला, यांचा कप उचलला आणि भावजींच्या कपाच्याही पुढे, टेबलाच्या काठाला, ठक्कन ठेवला. थोडा चहा दोरावर सांडला.

"पहिला कप तुमचा," मी म्हटलं. "सात तास. माझ्या नावावर चार वर्षं दम खाल्लात. आता स्वतःच्या नावावर खा."

असं काही आमच्या टेबलावर कधी झालं नव्हतं. मुलगा भिंतीकडे बघायला लागला. आतल्या खोलीत एक मुलगी रडायला लागली, मग दुसरी. यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"या घरात दुसऱ्याच्या कपाला कुणी हात लावत नाही."

"या घरात कुणी खोटं पण सांगत नव्हतं."

"मी खोटं बोलतो?"

"विचारा ना तुमच्या भावाला. विचारा मुलाला. सांगा रे, दोघांनी बघितलंय."

मी एकेकाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे ना." भावजी म्हणाले, "वहिनी, चहा गार होतोय." बस. एवढंच. या दोन वाक्यांवर एक माणूस गेला, असं मी म्हणते, आणि अजून कुणी मला ते चूक आहे असं पटवून दिलेलं नाही.

यांनी कप उचलून पुन्हा दोराच्या मध्यावर ठेवला. अगदी हळू, एक थेंब न सांडता. "बाळंतिणीच्या जागरणानं तुझं डोकं फिरलंय," म्हणाले. "जा, पड जरा."

मी जायला वळले तेव्हा भावजी पाठोपाठ आले. हळूच म्हणाले, "वहिनी, रागावू नका. तिथे गेल्यावर मी तीनला पोटात कळ आली म्हणून बोंब मारतो. सगळे जागे झाले की निघूच म्हणतो. मग तर झालं?"

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"मी बोंब मारली की मेलेलेसुद्धा उठतात."

सोमवारी तिघे गेले. मी निरोप द्यायला दारात गेले नाही. वरच्या खिडकीतून बघितलं. भावजी पुढे, गुडघा दुखतोय असं सोंग करत, उगाच लंगडत. चौकात वळताना त्यांनी वर बघून डोळा मारला.

बुधवारी अकराच्या सुमारास मी धुतलेली दुपटी गॅलरीत टाकत होते. वर खिंडीच्या बाजूनं लांबून मेघ गडगडावा तसा आवाज आला. आकाश निळंशार. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मी पिळे तसेच बादलीत टाकले आणि बेकरीवाल्याच्या दुकानात जाऊन म्हटलं, "माणसं गोळा करा, फावडी घ्या."

पुढचं मुलानं सांगितलं तसं लिहिते. त्यानं ते मला एकदाच सांगितलं, आमच्या मोरीत, तोंड धुता धुता, माझ्याकडे पाठ करून.

भावजींनी शब्द पाळला. तीनला पोट धरून उठले, कण्हले, दिवा लावला. मुलगा उठला. यांनी पांघरुणातून हात बाहेर काढून घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दोन तास आहेत अजून. बाहेर जाऊन ये आणि झोप." भावजी बाहेर गेले, आले आणि म्हणाले, "दादा, आता जागाच झालोय तर निघू या का?" हे म्हणाले, "पाच म्हणजे पाच. तुला तुझ्या वहिनीनं शिकवून पाठवलंय का?" यावर भावजी आडवे झाले. मुलगाही आडवा झाला. तिघंही जागेच होते, असं तो म्हणाला. तिघं जागे, बाहेर फरशीसारखं टणक बर्फ, आणि तिघंही छताकडे बघत पाच वाजायची वाट बघत पडलेले.

पाचला निघाले. भावजी पुढे, पाय ओढत. तरी हे मागे पडायला लागले. मधोमध यायच्या आत ऊन आलं. आता "हिला दम लागलाय" म्हणायला मी नव्हते. म्हणून यांनी बुटाची नाडी सुटली म्हटलं. थोड्या वेळानं दुसऱ्या बुटाची. मग पाठपिशवीचा पट्टा. साडेनऊला खिंड अजून एवढी वर, की मान मागे टाकून बघावी लागत होती. बर्फात पाय घोट्यापर्यंत जायला लागला, मग नडगीपर्यंत. तेव्हा भावजींनी मुलाला सांगितलं, "तू सरळ वर जा, दोराला खुंटी ठोक. मागे बघू नकोस." आणि स्वतः खाली उतरून भावाकडे गेले.

त्या उतारात मध्येच एक खडकाचा सुळका वर आलेला आहे. भावजींनी यांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि यांना ढकलत ढकलत त्या खडकावर चढवलं. "दादा, इथे बस, ऊन ढळलं की निघू," असं म्हणाल्याचं मुलानं वरून ऐकलं. खडकावर दोघांना जागा होती. भरपूर होती. पण यांना ढकलताना उतरवून ठेवलेली त्यांची स्वतःची पिशवी आठ-दहा पावलं खाली बर्फात राहिली होती. तिच्यात थापी आणि हत्यारं होती. ते ती आणायला गेले. ते उतरत असताना शिट्टी ऐकू येत होती, असं मुलगा म्हणाला. मग वरून उतार सुटला.

मुलानं खणलं. आमच्या गावातली माणसं निवाऱ्यांवर कुठेही न थांबता संध्याकाळी पोचली, त्यांनीही खणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

यांना मी तेव्हा काही बोलले नाही. हा माणूस भावाच्या खोलीत जमिनीवर बसून रडला, दोन दिवस, आवाज काढून. ते रडणं खरं होतं. मी त्याला खोटं म्हणणार नाही. मी त्यांना पाणी दिलं, कपडे दिले.

मग आठवड्यानं मंडळाचा माणूस आला. चांगला होता बिचारा, टोपी हातात धरून आमच्या स्वयंपाकघरात बसला. त्याला काय झालं ते लिहून न्यायचं होतं. टेबल तेच. यांनी सांगितलं. उबदार हवा, लवकर सुटलेला उतार, सगळं बरोबर सांगितलं. मग त्यानं विचारलं, "उशीर कशामुळे झाला?"

हे म्हणाले, "भावाचा गुडघा धरत होता. तो पुढे होता. आम्ही त्याच्या चालीनं चाललो."

माझ्या हातात दुधाची बाटली होती. मी ती खाली ठेवली. "काय म्हणालात?"

"त्यानंच सांगितलं होतं. या टेबलावर. सगळ्यांनी ऐकलंय."

"गुडघ्याला काही झालं नव्हतं," मी त्या माणसाला म्हटलं. "लिहून घ्या. त्यांच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. यांना चालवत नाही. भाऊ यांच्यासाठी हळू चालत होता."

त्या माणसानं यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पेन्सिल धरून मुलाकडे वळला. "काकांनी गुडघा दुखतो असं सांगितलं होतं का?"

मुलानं बापाकडे बघितलं. मग म्हणाला, "सांगितलं होतं खरं."

खरं! त्या शब्दाची मला अजून चीड येते. मंडळाच्या माणसानं हळूच मान डोलावली, मला म्हणाला, "ताई, मी समजू शकतो, घरात असं झालं की..." आणि गुडघा लिहून घेतला. ते पुढे पेपरात आलं. दुसऱ्या निवाऱ्याच्या भिंतीवर एक पाटी लावली आहे, गुडघ्या-सांध्याचं दुखणं असणाऱ्यांनी लांब उतारावर जाऊ नये. लोक ती वाचतात आणि आपापले गुडघे चेपून बघतात. चौकात कुणी विषय काढला की म्हणतात, "शिट्टी चांगला माणूस, पण गुडघा दुखत असताना जायला नको होतं." म्हणजे जो दुसऱ्यासाठी हळू झाला, तोच सगळ्यांना उशीर करणारा ठरला. बेकरीवाला हे माझ्या तोंडावर म्हणाला, तेव्हा मी त्याला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, की जायच्या आठच दिवस आधी ते तुझ्या धुराड्यावर शिडीवरून चार वेळा चढले-उतरले, तुझे डोळे कुठे होते? तो पाव मोजायला लागला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाला असेल. लोकांना गुडघा सोपा पडतो.

हे पुन्हा कधी वर गेले नाहीत. भावाच्या दुःखानं डोंगर सोडला, असं गाव म्हणालं, आणि ओसरीवर बसलेल्या यांना येणारा-जाणारा टोपी काढून नमस्कार करायचा. यांनी तो घेतला. प्रत्येक वेळी घेतला.

निवाऱ्यांचं काम मुलाकडे आलं. पुढच्या वर्षी त्यानं रविवारी दोर काढला, बरोबर गिरणीतले दोघं जण. मी म्हटलं, "कप ठेवायचे नाहीत. आधी तिघांनी सरपणाची टोपली घेऊन तीनदा जिना चढायचा, माझ्यासमोर. मग कुणाला किती वेळ लागतो ते मी सांगते." गिरणीतला एक जण हसला. मुलगा म्हणाला, "चढ. आई सांगते तसं." ते तीनला निघाले. ते दरवर्षी तीनला निघतात. मुलगा मला गुडघ्याबद्दल कधी काही बोलला नाही, मीही त्याला विचारलं नाही. पण मंडळाकडे जाऊन ते लिहिलेलं बदलून आण, असं मी त्याला दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, "बाबा असेपर्यंत नको." बाबा गेल्यावर म्हणाला, "आता कशाला?"

मला लिहिता यायला लागलं ते फार उशिरा, तेव्हा आता मीच लिहून ठेवते. माझ्या दिराच्या दोन्ही गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. ते बावन्न वर्षांचे होते आणि आम्हा सगळ्यांत उत्तम चालणारे होते. मार्चच्या शेवटच्या बुधवारी, दुपारी बाराच्या आत, लांब उतारावर ते बर्फाखाली गेले. माझे यजमान त्यानंतर नऊ वर्षांनी, जानेवारीत, घरी झोपेत गेले.